पुण्यात घर घ्यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं घरातल्या, ऑफिसातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर फ्लॅट बघत पुणं पालथं घातलंय, माझं स्वतःचं घरही त्यातच झालं. प्रत्येक वेळी प्रश्न जवळजवळ तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

पुण्यात आत्ता रेट काय चाललाय?

"पुण्याचा रेट" असा एक आकडा नसतोच. एकाच बाणेरमध्ये हायवेलगतचा नवा टॉवर आणि आत गावठाणाजवळची पंधरा वर्षांची सोसायटी यांच्यात इतका फरक पडतो की सरासरी काढून हातात काही येत नाही. तरी अंदाज हवाच असेल तर २ बीएचके धरून सांगतो. प्रभात रोड, भांडारकर रोड, मॉडेल कॉलनी, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर इथे नवीन बिल्डिंगमध्ये एक कोटीची भाषाच नाही, दोनच्या आसपास आणि पुढे. बाणेर, बालेवाडी, औंध, कोथरूड, खराडी, मगरपट्टा इथे चांगल्या प्रोजेक्टमध्ये कोटीच्या पुढे. वाकड, पिंपळे सौदागर, हडपसर इथे कोटीच्या अलीकडे पलीकडे. वाघोली, उंड्री, पिसोळी, मोशी, चिखली, मांजरी, धायरी इथे अजून कोटीच्या बऱ्यापैकी आत बसतं.

खरा भाव कळून घ्यायचा असेल तर जाहिरात बघू नका, त्याच बिल्डिंगचे किंवा शेजारच्या बिल्डिंगचे इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) बघा. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च आहे, तिथे कुठला फ्लॅट किती रकमेला रजिस्टर झाला ते दिसतं. मी हे करायला लागल्यापासून "सर, लास्ट युनिट आहे, उद्या रेट वाढतोय" या वाक्याचा माझ्यावर काही परिणाम होत नाही.

रेडी रेकनर म्हणजेच बाजारभाव ना?

नाही. रेडी रेकनर हा सरकारने स्टॅम्प ड्युटी मोजण्यासाठी ठरवलेला दर. तुमची व्यवहाराची रक्कम आणि रेकनरची किंमत यात जी जास्त तिच्यावर ड्युटी लागते. १ एप्रिल २०२५ ला तीन वर्षांनी हे दर वाढले, पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के. बाजारभाव बहुतेक ठिकाणी याच्या वरच असतो. रेकनरपेक्षा खालच्या भावात कोणी देत असेल तर खूश व्हायच्या आधी का देतोय ते शोधा.

फ्लॅट ८० लाखांचा आहे, मला नक्की किती पैसे लागतील?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक नेमका हा टोकन देऊन झाल्यावर विचारतात. चला, मांडूनच बघू.

बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट, पुणे महापालिका हद्दीत. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के (यातच स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटीचा १ आणि मेट्रोचा १ टक्का आला) म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. हे झाले ९ लाख ९० हजार. आता बँक. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि किंमत धरताना ड्युटी-रजिस्ट्रेशन त्यात घेत नाही. म्हणजे कर्ज ६४ लाख आणि तुमचे १६. हे १६ आणि वरचे ९ लाख ९० हजार, असे जवळजवळ २६ लाख स्वतःच्या खिशातून, तेही फर्निचर, मेंटेनन्सचं डिपॉझिट, वकिलाची फी हे काहीच न धरता. ६४ लाखांचा हप्ता साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिना ५५ हजार ५०० च्या आसपास येतो.

म्हणून बजेट ठरवताना फ्लॅटच्या किमतीपासून सुरू करू नका, हातात रोख किती आहे तिथून सुरू करा आणि मग उलटं मोजत या.

अजून एक, किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने जाणारा आयकर) तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो. हा वेगळा खर्च नाही, विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतूनच जातो, पण भरायचा राहिला तर व्याज आणि दंड तुमच्या डोक्यावर.

जीएसटी वाचवता येतो का?

कम्प्लीशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट घेतलात तर जीएसटी नाही. रिसेलला नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के, पण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्काच (मुंबईला ही मर्यादा ६० मीटर आहे, पुण्याला ९०). ४५ लाखात आता शहरात फारसं काही मिळत नाही ही गोष्ट वेगळी, पण चऱ्होली, वाघोलीच्या पुढे, मांजरीच्या आत वन बीएचके बघणाऱ्यांनी हे नक्की विचारावं.

बायकोच्या नावावर घेतलं तर फायदा होतो?

होतो. राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायांच्याच नावावर असेल तर ड्युटी १ टक्का कमी, म्हणजे पुण्यात ७ च्या जागी ६. वरच्या उदाहरणात ८० हजार वाचले. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की सवलत गेली. आधी अशी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली. पण कर्ज कोणाच्या पगारावर मिळतंय, टॅक्सची सूट कोणाला हवीय, हे आधी बघा. नाहीतर इकडे ८० हजार वाचतील आणि तिकडे जास्त जातील. आणि घर तिच्या नावावर असणं ही पैशाच्या पलीकडची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

कार्पेट, बिल्टअप, सेलेबल, यात फसायला होतं का?

व्हायचं, आता कमी झालंय. महारेरा (घरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) १ मे २०१७ पासून आल्यावर विक्री कार्पेटवरच करावी लागते. पण एजंट तोंडाने अजून सेलेबल (जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) सांगतात, "अकराशेचा टू बीएचके" म्हणतात आणि कागदावर निघतो ७८०. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणून दोन प्रोजेक्टची तुलना करताना एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट एवढंच करा. सँपल फ्लॅटमध्ये बेड मुद्दाम छोटे ठेवलेले असतात, तेव्हा टेप घेऊन जा आणि खोली मोजा, लाजू नका.

आयटीत आहे, ऑफिस हिंजवडीला. वाकड घेऊ, बाणेर घेऊ की हिंजवडीतच?

हिंजवडीतच घेतलं तर सकाळचा प्रवास वाचतो, हा फायदा छोटा नाही. पण हिंजवडी आणि माण ग्रामपंचायतीत आहेत, प्लॅनिंग पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हणजे महापालिकेचा रस्ता, ड्रेनेज, पाणी ज्याला आपण गृहीत धरतो ते तिथे गृहीत धरू नका. पावसात फेज वन, टूचे रस्ते पाण्याखाली गेलेले तुम्ही ऑफिसच्या खिडकीतून बघितलेच असतील.

वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, रस्ते रुंद आहेत, शाळा-हॉस्पिटलं झालीयेत, आणि ज्यांना सासर-माहेर चिंचवडला त्यांच्यासाठी तर बेस्टच. ताथवडे, पुनावळे, रावेत हा पट्टा वाकडपेक्षा थोडा स्वस्त, हायवेला लागून, पण तिथे बिल्डिंगा आधी आल्या आणि बाकीचं मागून येतंय.

बाणेर-बालेवाडी मला आवडतं, राहायला छान आहे, चालत जायला हॉटेलं, दुकानं, बालेवाडीचं स्टेडियम. पण बाणेरला पाण्याचा टँकर ही गोष्ट नवीन नाही, एवढे पैसे देऊनही. आणि ऑफिस फेज थ्रीला असेल तर बाणेरहून रोजचं जाणं-येणं किती वेळ खातं ते घर घेण्याआधी आठवडाभर करून बघा, शनिवारी दुपारी साईट व्हिजिटला जाऊन नाही, सोमवारी सकाळी नऊला निघून.

पूर्वेकडे खराडी, वाघोली, हडपसर कसं?

खराडी आता स्वतःचंच एक शहर आहे, ईऑन आयटी पार्कमुळे भाव बाणेरच्या जवळ गेलेत. ऑफिस तिथेच असेल तर घ्या. मगरपट्टा सिटीची गोष्ट मला नेहमी भारी वाटते, मगर आणि बाकी शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकेकट्या विकून न टाकता एकत्र येऊन स्वतःच टाऊनशिप उभी केली. तिथली झाडं, चालायचे रस्ते आजही टिकून आहेत, रिसेलमध्ये मिळालं तर बघाच.

२०२१ मध्ये जी तेवीस गावं महापालिकेत आली त्यातलंच वाघोली एक. स्वस्त आहे, खरंय. पण नगर रोडचं ट्रॅफिक आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशोब त्या स्वस्ताईत धरा. केशवनगर-मुंढवा तसंच, नकाशावर खराडी दोन किलोमीटर दिसते आणि संध्याकाळी पाऊण तास जातो.

उरुळी देवाची, फुरसुंगीकडे बघत असाल तर कचरा डेपो कुठे आहे ते विचारून घ्या, मोशीलाही हेच. दुपारी वारा नसताना काही कळत नाही. संध्याकाळी जा आणि गॅलरीत दहा मिनिटं उभे राहा.

कोथरूड, सहकारनगर, पेठा, जुन्या पुण्यात काही जमेल?

जमेल, पण नव्या प्रोजेक्टपेक्षा रिसेल किंवा रिडेव्हलपमेंट बघा. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या धडाधड रिडेव्हलपला चालल्यात. त्यात बिल्डरच्या वाट्याला येणारे फ्लॅट विकायला असतात. जागा मोक्याची, पाणी महापालिकेचं, भाजी, दवाखाना, नाटक, सगळं पायाशी. फक्त पार्किंग नीट बघा, मशीनवालं असेल तर तुमची गाडी त्यात बसते का, आणि मशीन बंद पडलं की काय. अ‍ॅग्रीमेंटमध्ये पार्किंगचा नंबर आणि लांबी-रुंदी लिहून घ्या. उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

पेठेतल्या वाड्यांच्या जागेत भाडेकरू, वारस, वाटण्या यांची गुंतागुंत असते, वकील चांगला हवा. शनिवारवाड्याच्या आसपास पुरातत्व खात्याचे नियम लागतात, १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे.

मेट्रोजवळ घेणं फायद्याचं आहे?

हो, पण "मेट्रोपासून पाच मिनिटं" हे गाडीने की पायी ते विचारा. चालू असलेल्या लाईन दोन, पीसीएमसी ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी. वनाझ, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप या भागात जुनी सोसायटी मिळाली आणि ऑफिस कल्याणीनगरकडे असेल तर आयुष्य सुखाचं होतं, माझ्या भावाने गाडी विकली. हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी लाईन २३ किलोमीटरची, २३ स्टेशनांची. जी लाईन अजून कागदावर आहे तिचे पैसे फ्लॅटच्या भावात देऊ नका एवढंच. स्वारगेट-कात्रजला मंजुरी मिळालीय म्हणून कात्रजला भाव चढवून सांगतात, मंजुरी आणि मेट्रो यांच्यात बरीच वर्षं असतात.

पाण्याचं एवढं काय घेऊन बसलात?

कारण मी भोगलंय. पहिलं घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, "सहा महिन्यात कॉर्पोरेशनचं पाणी येतंय, लाईन पडलीये." लाईन पडली होती, पाणी नव्हतं. चार वर्षं टँकर. आई पहाटे पाचला उठून बादल्या भरून ठेवायची, पासष्टीच्या बाईला मी त्या घरात आणलं याचं मला आजही वाईट वाटतं.

हिशोब बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला ५४ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पाच-सहा. टँकर हजार रुपयांना धरला तरी महिन्याला १ लाख ६० हजार, प्रत्येक फ्लॅटमागे सोळाशे, मेंटेनन्स सोडून. एप्रिल-मे मध्ये टँकरचा भाव वाढतो तेव्हा वेगळंच. नवीन भागात महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी देईन असं बिल्डर लिहून देतो, आणि सोसायटी ताब्यात दिली की खर्च सभासदांवर येतो.

पुण्याला खडकवासला साखळीतून पाणी येतं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पिंपरी-चिंचवडला पवनेतून, आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. बोअरवेल-विहिरीच्या पाण्याचाही विचार करा, जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडकडे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा पहिलं बोट पाण्याकडेच गेलं.

काय करायचं? शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनकडे जा आणि विचारा, "दादा, मे मध्ये रोज किती टँकर येतात?" ब्रोशरमध्ये न लिहिलेलं सगळं तो सांगतो.

पूररेषा वगैरे खरंच बघायची असते का?

खरंच बघायची. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले, लोकांची आयुष्यभराची कमाई गेली, त्यातल्या कितीतरी जणांकडे खरेदीखतं होती. खरेदीखत झालं म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नसतं, हे कृपा करून लक्षात ठेवा.

नदीच नाही, ओढेही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात जे केलं ते पुणेकर विसरणार नाहीत. जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी घरात शिरलं. फ्लॅट बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जा, पार्किंगच्या भिंतीवर ओल कुठपर्यंत आहे ते बघा.

पिंपरी-चिंचवडला आणखी एक प्रकार आहे, रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांची बांधकामबंदीची हद्द आहे, तळवडे, निगडीकडचा काही भाग त्यात येतो. तिथे बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे स्वस्त मिळतं, त्यामुळेच घेऊ नका. आणि टेकडीवर किंवा उतारावर प्लॉट दाखवत असतील तर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) आहे का ते डीपीच्या (विकास आराखड्याच्या) नकाशात बघा.

महारेराला रजिस्टर आहे म्हणजे सेफ ना?

सेफ नाही, तपासता येण्यासारखं आहे. पुण्याच्या आधीच्या प्रोजेक्टचे नंबर पी५२१ ने सुरू होतात. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करा आणि चार गोष्टी बघा: ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकललीय, कोर्टात केस आहे का, जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, आणि किती मजल्यांना परवानगी मिळालीय (तुम्हाला विकला जाणारा अठरावा मजला मंजूर आहे ना?). १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय घेता येत नाहीत, मागितले तर उठून या. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, लेखी तक्रार करा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

ओसी म्हणजे भोगवटा पत्र आल्याशिवाय राहायला जाऊ नका. "सगळे राहतायत की" हे कारण नाही.

रिसेल घेताना काय कागद बघायचे?

पहिल्या मालकापासून आत्तापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंटं ओरिजिनल, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, टॅक्सची पावती, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. सोसायटी ट्रान्सफर फी म्हणून लाख-दोन लाख मागत असेल तर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे हे शांतपणे सांगा. पुण्यात बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का ते बघायचं. आणि जमिनीचं कन्व्हेयन्स (जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, कारण उद्या रिडेव्हलपमेंट करायची तर सगळं तिथेच अडतं. घर झालं की महापालिकेत पीटी-३ फॉर्म भरायला विसरू नका, स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत त्यावर मिळते.

फ्लॅटपेक्षा एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन बांधलं तर?

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर दहा जणांची नावं एकत्र चढवून गुंठे विकायचा धंदा पुण्याभोवती वर्षानुवर्षं चाललाय. एनए (बिनशेती) नाही, मंजूर लेआउट नाही, रस्ता फक्त तोंडी, आणि बांधायला गेलं की परवानगी नाही. पुरंदर विमानतळाच्या नावाने तर फोन येतच असतात. एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि स्वतःच्या नावाचा स्वतंत्र उतारा, हे तिन्ही असेल तरच पुढे जा.

मग आत्ता घेऊ की भाड्याने राहू?

ज्या फ्लॅटचा हप्ता ५५ हजार त्याचं भाडं साधारण त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमी असतं. त्यामुळे नोकरी बदलायची शक्यता असेल, परदेशी जायचं चाललं असेल, तर भाड्याने राहा, कमीपणा काही नाही. पण ज्या भागात घ्यायचंय त्याच भागात भाड्याने राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा.

आम्ही बाहेर असतो (दुबई, अमेरिका, बंगळूर), बघायला येता येत नाही, काय करू?

व्हिडिओ कॉलवर सँपल फ्लॅट बघून टोकन देऊ नका. पुण्यातल्या कोणा नातेवाईकाला दोनदा पाठवा, एकदा सकाळच्या ट्रॅफिकला, एकदा पाऊस चालू असताना. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्यायची तर फक्त त्या एका फ्लॅटपुरती द्या, फ्लॅट नंबर, रक्कम, काम सगळं लिहून, सरसकट नको. आणि मामांना किंवा काकूंना सांगा की बिल्डरच्या गाडीतून साईटवर जाऊ नका, रिक्षाने जा, म्हणजे रस्ता कुठे संपतो ते कळेल.